तळ्याला काठ हवा
(सोलापुरातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, ज्या शहराच्या मध्यभागी, सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात शिष्यांच्या श्रमदानातून खणवलेला म्हणून सांगितला जाणारा तलाव आजही आहे, त्या शहरात तळ्याविषयी बोलायला उभे राहताना संकोच वाटतो. पत्रिकेवर विषय 'घराच्या व सोसायटीच्या बागेत पशुपक्ष्यांना जागा' असा छापला आहे. तो येईलच, मात्र त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपल्याला ऐकून घ्यावी लागेल, कारण ती सांगितल्याशिवाय माझे पुढचे म्हणणे उभे राहत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने अंगणात एक 'सुशोभित तळे' बांधून घेतले. कंत्राटदाराचे नाव घेत नाही. त्याने कामात सिमेंट कमी घातले नव्हते, हे मात्र प्रामाणिकपणे सांगतो. आठ फूट लांब, सहा फूट रुंद, चार फूट खोल, चारही भिंती ओळंब्यात सरळ, आत निळ्या टाइल्स आणि मधोमध कारंजे. उद्घाटनाला पेढे वाटले. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आक्रसते की शेतातल्या भेगेत हात जातो, हे आपल्यापैकी प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक आहे. बांधकामाच्या बैठकीत मात्र ते कोणालाही आठवले नाही, आणि मीही त्या बैठकीत चहा पीत बसलो होतो. एप्रिलमध्ये एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत भिंतीला तडा गेला आणि तीन दिवसांत पाणी जमिनीत मुरून गेले.

पण माझी तक्रार तड्याबद्दल नाही. जोवर त्या हौदात पाणी होते, तोवर दर दोन-तीन दिवसांनी सकाळी आम्ही चाळणीने काहीतरी बाहेर काढत होतो. एकदा खार, एकदा सरडा, एकदा दोन भेक, म्हणजे अंगावर गाठी असलेले ते ओबडधोबड बेडूक. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी 'यांना पोहता येत नसावे' असा निष्कर्ष काढला. पोहता सगळ्यांना येत होते. चढायला जागा नव्हती. बेडूक रात्रभर गुळगुळीत टाइलवर पाय मारत राहतो आणि थकून बुडतो. डाळिंबाच्या बागांसाठी खणलेल्या शेततळ्यांतही प्लास्टिकच्या निसरड्या उतारावर जनावरे अशीच अडकतात. म्हणून समजदार शेतकरी काठावरून दोरीची जाळी सोडून ठेवतात.

दुरुस्तीच्या वेळी सांगोल्याच्या एका स्नेह्यांनी शेततळ्याच्या कागदाचा, म्हणजे तळाशी अंथरायच्या जाड प्लास्टिकचा, उरलेला तुकडा दिला. आम्ही दोन भिंती फोडल्या, हौद मातीने परातीसारखा भरून घेतला, मध्यभागी खोली दोन फूट ठेवली, कागद अंथरला आणि त्यावर गोणपाट, मुरूम व गोटे घातले. उतार इतका सौम्य की चिमणी घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून अंघोळ करते. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी पाण्यात काळ्या मण्यांच्या दोन लांब माळा गवताला गुंडाळलेल्या दिसल्या. ती भेकाची अंडी. एका समितीसदस्याने ती 'घाण' म्हणून काढायला माणूस बोलावला होता; त्याला चहा पाजून परत पाठवण्यात माझा अर्धा दिवस गेला.

म्हणून माझा आग्रह काठाचा आहे. हिप्परग्याचा तलाव हिवाळ्यात ओसरू लागतो, तेव्हा उघड्या पडलेल्या चिखलाच्या पट्ट्यात शेकाटे आणि तुतवार हे पाणथळीचे पक्षी चरताना आपण पाहतो. खोल पाण्याशी त्यांना कर्तव्य नसते.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत आणि पत्रिकेवरचा विषय अद्याप सुरू व्हायचा आहे, तेव्हा भराभर सांगतो.

पहिला प्रश्न पाण्याचा, कारण आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो. मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडते, म्हणजे एक चौरस मीटर तळ्याला रोज अर्धी-पाऊण बादली लागते. तेवढ्याच लॉनला जवळपास तेवढेच पाणी लागते आणि त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. हजार चौरस फूट गच्चीवर 500 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 46,000 लिटर पाणी होते. पहिले धुवण आणि गळती सोडूनही तळे भरून उरते. नळाचे पाणी घालायचे तर क्लोरीन उडेपर्यंत एक-दोन दिवस उघडे ठेवावे.

दुसरा प्रश्न डासांचा. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीत, टायरमध्ये आणि झाकण नसलेल्या पिंपात वाढतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा ती भांडी कोरडी करण्याला पर्याय नाही. तळ्यात चतुर आणि त्यांच्यासारख्याच पण नाजूक टाचण्या या कीटकांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, पण त्या रुळायला वेळ लागतो. गप्पी मासे सोडण्याची घाई करू नये. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा बेडकांची पिल्लेही खातो. जलपर्णी तर दिली तरी घेऊ नये.

झाडांचे एका वाक्यात सांगता येणार नाही, तरी प्रयत्न करतो. कढीपत्ता आणि लिंबू लावावे, आणि पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर फवारणी करू नये, कारण ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि बोट लावले की डोक्यामागून केशरी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. कुंपणालगत एखादी रुई राहू द्यावी, एखादे बोराचे झुडूप असावे, आणि कोपऱ्यात वाळक्या काटक्यांचा ढीग समितीच्या नजरेआड ठेवावा.

घंटा वाजते आहे. शेततळ्याच्या कागदाचे दोन तुकडे माझ्या गच्चीवर पडून आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी खड्ड्याचे माप घेऊन यावे, आणि माप घेताना उताराची लांबी धरायला विसरू नये, नाहीतर कागद कमी पडतो. आमचा पहिल्यांदा पडला होता.