निळा खडा, आठ आकडे

[दृश्य : निफाडजवळची द्राक्षबाग, सकाळ. प्लास्टिकचा ड्रम, विळा.]

विळा ड्रमात बुडवला, थोडा वेळ धरला, वर काढला. पातं बघा, तांबूस झालंय. म्हणजे बोर्डोत, मोरचूद आणि चुन्याच्या या फवारणीच्या मिश्रणात, चुना कमी पडला आणि मोरचुदातलं मोकळं तांबं लोखंडावर येऊन बसलं. चुन्याचं पाणी आणखी थोडं ओतायचं आणि पुन्हा विळा. शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद, एक किलो चुना हे इथलं रोजचं माप. ड्रम प्लास्टिकचा, कारण लोखंडी पिंपाचीही या विळ्यासारखीच गत होईल. द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी, म्हणजे बागेतल्या भाषेत ‘डाऊनी’साठी, हे मिश्रण १८८५ मध्ये बोर्दोचे प्राध्यापक मिलार्दे यांनी मांडलं. विळ्यावर आता तांबडं येत नाही. फवारणी सुरू.

[दृश्य : चिनी मातीची वाटी, खाली ज्योत.]

मोरचूद, कॉपर सल्फेट. जुन्या रसग्रंथांत मयूरतुत्थ, मोराच्या मानेचा रंग. वाटी तापतेय. निळा फिका होत होत गेला, उरली पांढरी भुकटी. खड्यातलं पाणी उडालं, बाकी काही नाही. आता वरून एक थेंब. पुन्हा निळं. (हा शॉट आम्ही पाच वेळा घेतला. गरज एकदाच होती.)

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मालाला कस्टम्सच्या पुस्तकात एक नंबर असतो, शुल्क त्यावरून ठरतं. त्या पुस्तकाला या जादूचं कौतुक नाही. निळा असो की पांढरा, नंबर एकच : २८३३ २५.

[दृश्य : उरण रस्त्यावरचं क्लिअरिंग एजंटचं, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याचं, ऑफिस. जाड पुस्तक, पानांना रंगीत चिकटपट्ट्या.]

टेबलापलीकडच्या गृहस्थांना सगळे काका म्हणतात. त्यांचं बोट बघत राहा. पहिले दोन आकडे म्हणजे धडा : २८, असेंद्रिय रसायनं. चार आकडे झाले की २८३३, सल्फेटं. सहा झाले की तांब्याचं सल्फेट. इथवरची भाषा ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची. १ जानेवारी १९८८ पासून ती लागू आहे, म्हणून न्हावा शेवाला लिहिलेले सहा आकडे रॉटरडॅमलाही तसेच वाचले जातात. पुढचे दोन आपापल्या देशाचे. आपल्याकडे इथे दोन शून्यं.

बोट २८२५ ५० वर थांबलं. तांब्याची ऑक्साइडं आणि हायड्रॉक्साइडं. टेबलावर तीन बाटल्या : लाल क्युप्रस ऑक्साइड, काळं क्युप्रिक ऑक्साइड, निळं हायड्रॉक्साइड. रंग तीन, घर एक.

याच्या उलटही होतं. ही हिरवट पावडर कॉपर ऑक्सिक्लोराइड. नुसतं रसायन म्हणून पोत्यात आली तर २८२७ ४१. तीच पाण्यात नीट मिसळावी म्हणून इतर द्रव्यं घालून, ‘५० टक्के डब्ल्यूपी’ (पाण्यात मिसळायची भुकटी) छापून आली, की दहा धडे ओलांडून ३८०८ ९२ मध्ये, बुरशीनाशकांच्या रांगेत. मोरचुदाचंही तेच. मोठ्या पोत्यातला साधा खडा २८ मध्ये; बुरशीनाशक म्हणून किरकोळ विक्रीच्या पाकिटात भरला की ३८ मध्ये. रेणू तोच, घर दुसरं. आणि बुरशीनाशक म्हणून आणायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालची नोंदणी आधी हातात हवी.

म्हणून काका इन्व्हॉइसवरचं वर्णन तीनदा वाचतात. नुसतं ‘कॉपर केमिकल’ एवढंच लिहून माल धाडणाऱ्यांवर त्यांचा राग आहे. आमचाही आहे, लपवत नाही.

[दृश्य : कंटेनरचं दार उघडतं.]

पोत्यावरचं लेबल जवळून : वाळकं झाड, उताणा मासा. पाण्यातल्या जीवांना हा खडा विषारी, म्हणून जहाजावर तो यूएन ३०७७ (संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतला नंबर), नवव्या वर्गातला धोकादायक माल. तपासणीसाठी पोकळ टोकदार सळई पोत्यात जाते आणि निळे खडे घेऊन बाहेर येते. नमुन्याची पिशवी, सील, सही. सोबत टेस्ट मेमो, म्हणजे काय तपासायचं ते सांगणारी प्रयोगशाळेसाठीची चिठ्ठी.

[दृश्य : प्रयोगशाळेचं बंद दार.]

आत कॅमेरा नेता आला नाही, म्हणून हे दार जरा जास्त वेळ दिसतंय. आत तांबं मोजतात. शुद्ध निळ्या खड्यात ते सुमारे २५.५ टक्के भरतं. शिवाय आणखी काही मिसळलंय का, तेही बघतात.

[दृश्य : गोदीत वर काढलेलं जहाज, लाल तळ.]

तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात त्या रंगात अनेकदा मघाच्या बाटलीतलं लाल ऑक्साइड असतं. कथिलाच्या संयुगांचे रंग २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानं बंद झाले आणि तांब्यावरची भिस्त वाढली. डब्यात रंग म्हणून आलं की २८ सुटला, धडा ३२.

नंबर चुकला तर फरकाचं शुल्क, व्याज, दंड, वर अडकलेल्या कंटेनरचं भाडं.

[दृश्य : पुन्हा शेड. नमुना काढलेलं पोतं.]

भोकावर चिकटपट्टी बसली. खाली चार खडे सांडलेत. हमालाचा ओला बूट त्यावरून गेला. फरशीवर निळा ठसा, मग आणखी एक, मग दारापर्यंत.