घड्याळजीचा ऑक्टोपॅड

श्रोतेहो, नमस्कार.

गावच्या जत्रेत ऑर्केस्ट्रा सुरू झाला की सगळ्यांची नजर गायिकेकडे. माझी मात्र कोपऱ्यातल्या ऑक्टोपॅडवाल्याकडे. स्टँडवर बसवलेली काळी पेटी, तिच्यावर रबराचे आठ चौकोन, हातात दोन काठ्या. या चौकोनावर काठी पडली की ढोलकी, शेजारच्यावर घुंगरू, वरच्यावर ताशा. मध्येच खांद्यावरच्या टॉवेलने घाम पुसायचा आणि पुन्हा दे दणका. आता, खरी ढोलकी ती खरी ढोलकी. शाईवरची थाप रबरातून निघत नाही, हे माझं मत मी बदलणार नाही. पण टेम्पोत चार माणसं कमी बसवावी लागतात, म्हणून मालक खूश.

त्या पेटीचा पहिला अवतार आला १९८५ साली. बनवणारी कंपनी रोलँड, जपानची. आणि ही कंपनी काढणारा माणूस मुळात संगीतकार नव्हता, इंजिनिअरही नव्हता. घड्याळजी होता. हे तेवढं ध्यानात ठेवा, घड्याळजी.

त्यांचं नाव इकुतारो काकेहाशी. जन्म १९३० चा, ओसाकातला. दोन वर्षांचे होते तेव्हा आई आणि वडील, दोघंही क्षयाने गेले. पोराला आजी-आजोबांनी वाढवलं. महायुद्ध संपल्यावर, सोळाव्या वर्षी, क्युशू बेटावर एका घड्याळवाल्याकडे उमेदवारीला लागले. तिथला रिवाज असा, की सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय पुरतं काम हाती यायचं नाही. सात वर्षं! पोराने घड्याळदुरुस्तीचं पुस्तक मिळवलं, स्वतःच शिकला आणि काही महिन्यांत स्वतःचं दुकान टाकलं. रेडिओवरच्या गाण्यांचा नाद होता, म्हणून रेडिओही उघडायला लागला. बंद पडलेल्या संचांचे भाग काढायचे, एकमेकांना जोडायचे आणि त्यातून एक बोलता रेडिओ उभा करायचा. दुकानात घड्याळांच्या शेजारी रेडिओ येऊन बसले.

विसाव्या वर्षी, म्हणजे १९५० मध्ये, शिकायचं म्हणून गडी ओसाकाला परतला. आणि तिथे छातीत निघाला तोच आजार. आई-वडिलांना घेऊन गेलेला क्षय. तोही दोन्ही फुफ्फुसांत.

मिरजेजवळचं वानलेसवाडीचं क्षयरुग्णालय आपल्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. क्षय म्हटलं की घरात आवाज खाली यायचा, कपबशी वेगळी व्हायची. तर अशाच एका रुग्णालयात काकेहाशी पडले, ते महिना-दोन महिने नाही, काही वर्षं. जवळचा पैसा संपला. मग या माणसाने काय करावं? खाटेवरच दुकान मांडलं! शेजारच्या पेशंटचं घड्याळ बंद पडलंय, आणा इकडे. कर्मचाऱ्यांपैकी कुणाचा रेडिओ खरखरतोय, ठेवा इथे. डोळ्यांसमोर आणा जरा. खोकल्याची उबळ आली की हातातला बारीक स्क्रू खाली ठेवायचा, ती ओसरली की पुन्हा उचलायचा. त्यावर औषधपाण्याला हातभार लागत होता. (आमच्या पेठेतले रेडिओ दुरुस्तीवाले काका असेच दिवसभर राळ आणि कथलाच्या वासात बसायचे. आता मिक्सर बिघडला की नवा घ्या म्हणतात. दुरुस्त होत नाही म्हणे! होतं हो. करायचं नसतं.)

आजार मात्र हटेना. तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन हे औषध नवं होतं, आणि जपानात सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. त्याची चाचणी घ्यायला रुग्ण निवडले जात होते, त्यात काकेहाशींचा नंबर लागला. औषध लागू पडलं. आई-वडील ज्या आजाराने गेले, त्याच आजारातून मुलगा उठला, चालत बाहेर आला.

आणि १९५४ मध्ये पुन्हा दुकान! या वेळी विजेच्या वस्तूंचं. रिकाम्या वेळात थेरेमिन, म्हणजे हात न लावता हवेत हात हलवून वाजवायचं विजेचं वाद्य, करून पाहिलं, जमलं नाही. मग पायपेटीचे भाग, टेलिफोनचे तुकडे असं काहीबाही जमवून इलेक्ट्रॉनिक ऑर्गन केला. एका वेळी एकच सूर निघायचा, पण निघायचा! १९६० मध्ये एस ही कंपनी काढली, तिच्यातून बाहेर पडून १९७२ मध्ये रोलँड. हे नाव कुणा माणसाचं नाही बरं का. जगात कुठेही सहज उच्चारता यावं, म्हणून निवडलेलं.

आता टाकाऊतून काम काढायच्या त्या घड्याळजीच्या सवयीचं आणखी एक उदाहरण. १९८० मध्ये रोलँडने टीआर-८०८ हे ठेका देणारं यंत्र काढलं. त्याच्या आवाजात एक चरचर आहे, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. ती येते सदोष ट्रान्झिस्टरमधून. ट्रान्झिस्टर म्हणजे इथे रेडिओ नव्हे, यंत्राच्या आतला बारीक इलेक्ट्रॉनिक भाग. कारखान्यात बाद ठरलेले ट्रान्झिस्टर काकेहाशींनी मुद्दाम घेतले! पुढे ट्रान्झिस्टर इतके चांगले बनू लागले, की बाद माल मिळेनासा झाला आणि ८०८ बंद करावं लागलं. जेमतेम बारा हजार यंत्रं निघाली. पुढे अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्यांनी ती डोक्यावर घेतली.

आपल्या मुंबईतही एक जण होता. हिंदी चित्रपटांत वाजवणारे चरणजित सिंग. १९८२ मध्ये त्यांनी हेच ८०८, सोबत रोलँडचीच टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही विजेवर सूर काढणारी यंत्रं घेतली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून तबकडी काढली. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा लोक थक्क झाले. शिकागोत अॅसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार याच ३०३ वर निघाला, पण तो या तबकडीनंतर काही वर्षांनी!

१९८३ ची मिडी राहिलीच की. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकाच वायरने एकमेकांशी बोलू लागली, ती मिडीमुळे. काकेहाशी आणि अमेरिकेतले सिंथेसायझर बनवणारे डेव्ह स्मिथ यांनी ती पुढे आणली, आणि वापरायला पैसे घेतले नाहीत. यासाठी २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

घड्याळाचा काटा पुढे गेलाय, रोलँडच्या बाकीच्या यंत्रांसाठी दोनच मिनिटं उरली. त्यातलं एकच सांगतो. १९७४ चं स्पेस एको. आत टेपचं वेटोळं फिरत असतं, आवाज त्याच्यावर उमटतो आणि टेप वाचणाऱ्या पुढच्या हेडपाशी जरा उशिराने पुन्हा ऐकू येतो. एवढंच. आमचे स्टेजवरचे निवेदक ‘रसिकहो’ म्हणताना एको चढवतात, आणि मग ‘सिकहो, सिकहो’ एवढंच मागच्या रांगेपर्यंत पोचतं. त्यांना कुणीतरी सांगा, बटण डावीकडेही फिरतं.

नमस्कार.