मंडळाचा उतारा कोण ठरवतं?

नमस्कार श्रोतेहो. खरिपाची काढणी आली की पारावर एक वाद ठरलेला. "माझं सोयाबीन पार बसलं, मग मंडळाचा उतारा बरा कसा?" रास्तच प्रश्न आहे, कारण पीक विम्यात एकट्या शेताचा नाही, तर महसूल मंडळाचा सरासरी उतारा, म्हणजे हेक्टरी उत्पादन, धरतात. संख्याशास्त्रातले चार शब्द कळले, तर कुठे बोट ठेवायचं ते तरी कळेल.

पीक विम्याच्या हिशेबात महसूल मंडळातलं सोयाबीनखालचं सगळं क्षेत्र ही समष्टी. तुमचं शेत तिच्यातला एक तुकडा, एवढंच. या सगळ्या क्षेत्राचा खरा हेक्टरी सरासरी उतारा म्हणजे प्राचल, कॉलेजातल्या पोरांचा पॅरामीटर. तो एकच असतो, पण सगळं पीक कापून, मळून, तोलल्याशिवाय हाती लागत नाही. तेवढी माणसं आणायची कुठून? म्हणून पीक कापणी प्रयोग: चिठ्ठीने शेतं निवडायची आणि त्यांत आखलेला तुकडा कापून तोलायचा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मंडळासाठी किमान १० धरलेत. कापलेले तुकडे हा नमुना, आणि त्यांची सरासरी म्हणजे स्टॅटिस्टिक. चिठ्ठीत दुसरी शेतं निघाली असती तर ही सरासरी बदलली असती. खरा उतारा जागचा हलला नसता.

आता तुकडा आखायचा कसा? इथे साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आठवतात. १९४०च्या दशकात बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पीक पाहण्यांत अगदी लहान तुकडे कापले जात. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की अशाने उतारा फुगतो. तुकडा आखणाऱ्या दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने कड जास्त, आणि अशी झाडंही जास्त. दोघेही मोठी माणसं, वाद चांगलाच रंगला.

मला यातली खरी गोम वाटते ती अशी: नशिबाने आलेला चढउतार तुकडे वाढवले की कमी होतो. हात आत ओढण्याची चूक मात्र १०चे १०० तुकडे केले तरी जात नाही, कारण प्रत्येक तुकडा एकाच बाजूला झुकलेला.

तेव्हा गावात प्रयोग असेल त्या दिवशी बांधावर जा. शेत चिठ्ठीतलंच आहे का, की रस्त्यालगतचं सोयीचं म्हणून घेतलं, ते विचारा. दोरी ताणलेली आहे का पाहा, आणि कडेच्या झाडांवर नजर ठेवा.