मनाचं दुखणं आधी पंचायतीत येतं

(सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंच्या तालुका प्रशिक्षणात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी सोळा वर्षं मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात, मनोविकार विभागात समाजसेवक म्हणून काम केलं. ओपीडीत आलेल्या माणसाला मी एक प्रश्न हमखास विचारायचो : 'इथं यायच्या आधी कुठं कुठं गेला होतात?' उत्तरात देवऋषी यायचा, मेडिकलवाला यायचा, पाहुण्यातल्या कुणीतरी सुचवलेला वैदू यायचा. आणखी एक जागा वारंवार यायची, ती केसपेपरवरच्या कुठल्याच रकान्यात मावायची नाही. ती म्हणजे ग्रामपंचायत.

एक बाई सांगतो. गाव सांगत नाही. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिलेला, पदरात दोन लेकरं. छातीत धडधड, रात्री डोळ्याला डोळा नाही, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांत थोडा फरक पडला आणि तिथंच गाडी अडली. मग एकदा निवांत बसून विचारलं, 'आता सगळ्यात जास्त घोर कशाचा आहे?' तिनं पिशवीतून मृत्यूचा दाखला काढला. नवऱ्याच्या नावात एक अक्षर चुकलेलं. त्या अक्षरापायी वारसनोंद होईना, वारसनोंद नाही म्हणून बँकेत काम होईना, निराधारचा अर्जही परत आलेला. नऊ खेपा झाल्या होत्या. 'आज साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या.' त्या सोमवारसाठी ती दर वेळी दिवसाची मजुरी बुडवत होती.

मी तिथल्या ग्रामसेवकांना फोन केला. भले गृहस्थ होते, त्यांना हे माहीतच नव्हतं. चार दिवसांत दाखला दुरुस्त झाला. पुढच्या खेपेला बाई म्हणाली, 'दादा, परवा सकाळी उन्हं आली तवा जाग आली.' त्या महिन्यात गोळीचा डोस आम्ही वाढवलेला नव्हता.

गोळ्या नकोत असं मी म्हणत नाही. ज्याला गोळी लागते त्याला ती लागतेच, आणि ती मध्येच बंद करणाऱ्या घरांशी मी आयुष्यभर भांडलो आहे. पण मनावरचा भार कुठून येतो ते बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या आकड्यांप्रमाणे त्या वर्षी देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वांत जास्त, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात. देशातल्या या माणसांपैकी २६.४ टक्के रोजंदारीवर जगणारी होती, १४.८ टक्के गृहिणी. कारणांच्या यादीत सगळ्यात वर कौटुंबिक समस्या, ३१.७ टक्के. म्हणजे बांधाचं भांडण, वाटणी, दारू, सासुरवास, बुडालेली मजुरी. यातली कुठली गोष्ट पंचायतीला ठाऊक नसते? जिल्ह्याच्या डॉक्टरला ती कळायला चार महिने लागतात, तुम्हाला ती पारावर त्याच संध्याकाळी कळते.

तरीही पंचायतीत हा विषय निघाला की 'ते सिव्हिलचं काम आहे' असं उत्तर मिळतं. याचं एक कारण कायद्यात आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा चांगला आहे. उपचार हा त्यानं हक्क केला, माणसाला साखळीनं बांधायला बंदी केली, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न बघता प्रचंड ताणाखालचा माणूस म्हणून बघायला लावलं. पण त्यात जबाबदारी 'समुचित शासना'ची, म्हणजे केंद्राची नि राज्याची. सरपंचांना वाटतं, आपलं नाव नाही म्हणजे आपलं काम नाही. अहो, तुमचं नाव त्याच्याही आधी राज्यघटनेत लिहिलं गेलंय. ७३व्या घटनादुरुस्तीनं अकरावी अनुसूची आली, तिच्यात पंचायतींचे २९ विषय. आरोग्य २३वा, महिला व बालविकास २५वा, आणि समाजकल्याणाचा २६वा, ज्यात अपंग आणि मतिमंदांचं कल्याण शब्दांनिशी नमूद आहे. शब्द जुने आहेत, जबाबदारी जुनी झालेली नाही.

आता हेरवाडबद्दल जरा सविस्तर बोलायचंय. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हे गाव. ४ मे २०२२ रोजी तिथं ठराव झाला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. कोविडमध्ये कितीतरी तरण्या मुली विधवा झाल्या होत्या, त्यांचं दुःख गावासमोर ताजं होतं. दोन आठवड्यांच्या आत, १७ मेला, राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

मी या ठरावाकडे मानसिक आरोग्याचं काम म्हणून बघतो. ज्या घडीला माणूस आतून कोसळलेला असतो, नेमक्या त्या घडीला चार बायका तिचे हात धरून दगडावर बांगड्या फोडतात. वीस वर्षांनी त्या बायका माझ्यासमोर बसायच्या आणि नवऱ्याच्या मरणाआधी त्या दगडाचं सांगायच्या. ओटीला बोलावत नाहीत, लेकीच्या हळदीला मागं उभं राहावं लागतं, सकाळी समोर आलं की लोक वाट बदलतात. यावर मानसोपचारतज्ज्ञ काय लिहून देणार? चिठ्ठीवर लिहिता येईल असं त्यात काही नाही. ते गावच करू शकतं, आणि एका गावानं करून दाखवलं. एक मात्र खरं की ठराव कागदावर ठेवला तर त्याचा उपयोग नाही. गावात कुणी गेलं की दहाव्याच्या आत सरपंचबाईंनी त्या घरी जाऊन बसलं पाहिजे. सासूशी बोललं पाहिजे. पुढच्या हळदीकुंकवाला तिला पहिल्या रांगेत बसवलं पाहिजे.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये १५ ऑगस्ट २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं एकमेकांशी बोलायला. प्रत्येक गावाला जमेल असं मी म्हणत नाही. पण घराघरांतली शांतता हा पंचायतीचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी मनावर घेतलं.

दारूबद्दल तुम्हाला मी काय सांगावं. आडवी बाटली करायचा, म्हणजे मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद करायचा अधिकार बायांना आहे : गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बाया आडव्या बाटलीला उभ्या राहिल्या की परवाना असलेलं दुकान बंद. चोरून विकली जाते तिथं हा उपाय पुरत नाही, तिथं पोलिस लागतात आणि रेटा लागतो. आणि दुकान बंद झालं म्हणून पिणारा बरा होत नाही, हेही ध्यानात ठेवा. अचानक दारू तुटलेल्या माणसाला थरथर सुटते, फिट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. दुकान बंद करायच्या आधी ग्रामीण रुग्णालयाशी बोलून ठेवा.

आता पैशाचं. निधी नाही असं मला दर प्रशिक्षणात ऐकवलं जातं. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हे इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार आहे. पण तुमच्या यादीत कोण असतं? पायानं अधू, डोळ्यानं अधू, कानानं अधू. पंधरा वर्षं स्किझोफ्रेनियानं घराच्या मागच्या खोलीत बसलेला पोरगा त्या यादीत नसतो. त्याचं प्रमाणपत्र काढायला कुणी गेलेलंच नसतं. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर प्रमाणपत्र मिळतं. त्याला घेऊन जायला एक गाडी, सोबत एक माणूस आणि आईला त्या दिवसाची मजुरी एवढं पंचायतीनं केलं तरी त्या घरावर मोठे उपकार होतील. केरळात बघा. तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्था मतिमंद मुलांसाठी 'बड्स' शाळा चालवतात. पहिली शाळा २००४मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या वेंगानूर पंचायतीत सुरू झाली. पोर दिवसभर शाळेत असलं की आईला कामाला जाता येतं, आणि त्या आईचं मन हाही आपलाच विषय आहे.

आशाताई म्हणतील, आमच्यावर अजून एक रजिस्टर नको. त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या मोबदल्याचा आणि कामाच्या ओझ्याचा प्रश्न सुटल्याशिवाय त्यांच्यावर नवं काम ढकलणं अन्यायाचं आहे, आणि ते सांगायला मी कुठंही यायला तयार आहे. पण गावातली माणसं हे काम करू शकतात, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावागावांतून नेमलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केली. नैराश्यानं ग्रासलेल्या शंभरांपैकी आधी जेमतेम चार जण मदत मागत होते, दीड वर्षानं सत्तावीस मागायला लागले. नाशिक जिल्ह्यातल्या 'आत्मीयता' उपक्रमात गावातलीच भरवशाची माणसं शोधून त्यांना ऐकून घ्यायला शिकवलं, आणि सरकारी योजना मिळवून द्यायलाही. ती दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माझ्या नऊ खेपांच्या बाईला दोन्ही लागत होतं.

काही गोष्टी मात्र करू नका, हात जोडून सांगतो. ग्रामसभेत मनोरुग्णांची यादी वाचू नका. चांगल्या हेतूनं वाचणारे सरपंच मी पाहिलेत, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या मुलीचं लग्न मोडलेलंही पाहिलंय. कुणाला काय आजार आहे हे आशाताई, आरोग्य अधिकारी आणि त्या घरापुरतंच राहिलं पाहिजे. तंटामुक्तीत नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'जुळवून घे' म्हणून परत पाठवू नका. त्यातून तंटा मिटल्याची नोंद होते, बाईचं मन मिटत जातं. आणि रस्त्यावर भटकणारा अनोळखी माणूस दिसला तर त्याला गाडीत घालून शेजारच्या तालुक्यात सोडू नका. हे होतं, मला माहीत आहे. पोलिस ठाण्यात कळवा. अशा माणसाला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे २०१७च्या कायद्यानं पोलिसांचं काम आहे.

आता गाव विकास आराखड्याचे दिवस येतील. 'आमचा गाव, आमचा विकास'च्या फॉर्मवर गटारं येतील, पेव्हर ब्लॉक येतील, येऊ द्या. आरोग्याच्या पानावर एवढं लिहा : महिन्यातून एक ठरलेला दिवस, त्या दिवशी ग्रामसेवक, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई तिघं एका जागी बसणार. विधवा, निराधार, दिव्यांग आणि ज्यांच्या घरी मनाचा आजार आहे त्यांचे अडलेले कागद त्या दिवशी बघायचे. दार लोटलेलं ठेवायचं आणि बसायला खुर्ची द्यायची, माणसाला उभं ठेवून बोलायचं नाही. पंचायतीच्या भिंतीवर पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची नावं लावता, त्याच्या शेजारी मोठ्या अक्षरात १४४१६ रंगवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

ग्रामसेवकांनी मघाशी विचारलं होतं की मृत्यूच्या दाखल्यातलं नाव दुरुस्त करायला नेमके कोणते कागद मागायचे. ते मी लिहून आणलंय. चहाच्या आधी तेवढं वाचून दाखवतो, प्रत्येकानं उतरून घ्या.