आउटबोर्डचा पंखा निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळी मासेमारी बंदीचा काळ चालू आहे, होड्या शाकारून वर ओढलेल्या आहेत आणि आउटबोर्ड इंजिने, म्हणजे होडीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवायची इंजिने, पडवीत लाकडी घोडीवर टांगलेली आहेत. नारळी पौर्णिमेआधी हाताशी असलेल्या या वेळात आपल्या इंजिनाचा पंखा, म्हणजे पाणी मागे लोटून होडी पुढे नेणारा प्रोपेलर, होडीला योग्य आहे की नाही, याचा विचार करावा, अशी विनंती करण्यासाठी आज मी आपल्यासमोर आलो आहे.

पंख्यावर दोन आकडे उठवलेले असतात, उदाहरणार्थ सव्वानऊ गुणिले आठ. पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पंखा पाण्यात जराही घसरला नसता, तर एका फेऱ्यात होडी जितकी पुढे गेली असती, ते अंतर म्हणजे पिच. प्रत्यक्षात पंखा घसरतोच. हलकी होडी वेगात असताना दहा ते वीस टक्के, जड होडीला त्याहून पुष्कळ अधिक. लहान इंजिनात व्यास बदलायला फारशी जागा नसते, कारण पंख्याच्या डोक्यावरची आडवी पट्टी ती मर्यादा घालून देते. त्यामुळे आपल्याला निवड करायची असते ती मुख्यत्वे पिचची, म्हणजे दुसऱ्या आकड्याची.

ती निवड पंख्याकडे बघून होत नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवरून होते. पूर्ण थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) दिल्यावर इंजिनाने मिनिटाला किती फेरे घ्यावेत, हे इंजिनाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेले असते. पुष्कळ फोर स्ट्रोक इंजिनांना ते ५००० ते ६००० असतात. (ही पुस्तिका बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही. ती मराठीत छापली असती, तर किनाऱ्यावरची निम्मी इंजिने आणखी काही वर्षे टिकली असती, असे माझे जुने मत आहे.) पिच एक इंच कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात, आणि एक इंच वाढवला की तितकेच कमी होतात. पुन्हा सांगतो: पिच कमी, तर फेरे जास्त, पिच जास्त, तर फेरे कमी.

मालवणजवळच्या देवबागला कर्ली खाडीच्या मुखाशी मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. तिथल्या एका तरुण नाखव्याकडे जाळी टाकायची फायबरची होडी आणि पंधरा हॉर्सपॉवरचे इंजिन होते. पर्यटकांच्या एका हलक्या होडीला अकरा पिचचा पंखा लावलेला त्याने पाहिला होता, ती होडी उडत जाते हेही पाहिले होते, आणि म्हणून त्याने आपला जुना पंखा काढून अकराचाच घेतला. पंधरवड्यात पेट्रोलचा खर्च वाढला, स्पार्क प्लग काजळीने काळे होऊ लागले, आणि जाळी भरून परतताना होडी नाक वर करून नुसती पाणी ढकलत राहू लागली. त्याने गावातल्या वयस्कर मेस्त्रींना बोलावले आणि विचारले, "मेस्त्रींनू, पंखो मोठो घातलंय, तरी होडी धावणा नाय ती कित्याक?"

मेस्त्री उत्तर न देता होडीत बसले. त्यांच्याजवळ प्लगच्या वायरवर चिमटा लावून फेरे दाखवणारे छोटे मीटर होते. नाखव्याने खाडीच्या शांत पाण्यात मोठ्या उत्साहाने पूर्ण थ्रॉटल दिला, मीटरवर ५१०० आले, आणि पुस्तिकेच्या हिशेबात आपण बरोबर आहोत म्हणून तो विजयी मुद्रेने पाहू लागला. मेस्त्रींनी होडी धक्क्याला घ्यायला लावली आणि म्हणाले, "आता जाळी चढव." जाळी चढली. मग बर्फाची पेटी, पेट्रोलचा जादा कॅन, पिण्याचे पाणी, नांगर आणि दोन खलाशी चढले. नाखवा म्हणत होता की चाचणीला एवढे ओझे कशाला. मेस्त्री म्हणाले की तू समुद्रात रिकामा जातोस का? पुन्हा पूर्ण थ्रॉटल दिला, तर मीटर ४५०० च्या वर चढेना आणि मोबाइलवर वेग ताशी वीस किलोमीटरच्या पुढे जाईना.

फोंडा घाट चौथ्या गिअरमध्ये चढवलेल्या गाडीसारखी त्या इंजिनाची अवस्था होती: थ्रॉटल पूर्ण उघडा, पण फेरे नाहीत, म्हणून उष्णता, काजळी आणि कालांतराने पिस्टनला इजा. मेस्त्रींनी फळीवर खडूने हिशेब मांडला. गिअर दोनास एक धरला, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक, तर ४५०० फेऱ्यांना अकरा पिचचा पंखा कागदावर ताशी जवळजवळ ३८ किलोमीटर देतो. होडी जाते वीसने, म्हणजे जवळजवळ निम्मे काम घसरण्यात वाया. दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ पिचचा पंखा लावला. भरलेल्या होडीत ५१०० फेरे मिळाले, होडी पाण्यावर उचलली गेली आणि वेग पंचविसाच्या आसपास पोहोचला. रिकाम्या होडीची चाचणीही त्यांनी चुकवली नाही: ५७०० फेरे, म्हणजे वरच्या मर्यादेच्या आतच. रिकामी होडी पूर्वीपेक्षा किंचित मंद झाली, आणि त्याबद्दल नाखवा थोडा हिरमुसलाही.

तेव्हा नेहमीचा पूर्ण भार, शांत पाणी, पूर्ण थ्रॉटल, आणि मीटरवरचा आकडा. फेरे पुस्तिकेतल्या मर्यादेखाली राहिले तर पिच उतरवा. मर्यादेच्या वर गेले तर पिच चढवा. मात्र त्याआधी इंजिन योग्य उंचीवर बसले आहे ना, हे पाहा. ती आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला किंवा इंचभर खाली असावी, नाहीतर पंखा हवा ओढतो, फेरे एकदम वाढतात आणि दोष पिचला जातो.

चकाकणाऱ्या स्टीलच्या पंख्यांचे वेड मला स्वतःला पटत नाही. मालवणच्या खडकाळ पाण्यात अॅल्युमिनियमचे पाते वाकते आणि आतला गिअर वाचतो. स्टीलचे पाते वाकत नाही, आणि तो फटका गिअरकडे जाण्याचा धोका वाढतो.

पंखा काढण्यापूर्वी प्लगची टोपी काढून ठेवा. पंख्याच्या मागे दांड्याला तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, गुंडाळलेली असेल, तर ती कापून काढा, कारण ती ऑइल सील, म्हणजे गिअरमध्ये पाणी जाऊ न देणारी रबरी कडी, कापते आणि गिअरमध्ये पाणी शिरते. गिअरचे तेल दुधी दिसले, तर पाणी शिरले आहे असे समजावे. दांड्याला ग्रीस लावा, आणि नटाची जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नका, नवी घाला. काढलेला पंखा धड असेल, तर तो नट आणि पिनसह होडीत जादा म्हणून ठेवावा. नमस्कार.