न दिसणारं पाणी

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्वयंपाकाचा गॅस : साठवण आणि वाहतुकीचे नियम’. हे वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे व्याख्यानानंतर चहा आहे ही बातमी फुटलेली दिसते.

बॉटलिंग प्लांटमध्ये, म्हणजे टाक्यांत गॅस भरण्याच्या कारखान्यात, माझी सगळी नोकरी गेली. तिथे नियमांचं एक अख्खं कपाट होतं. त्या कपाटातून मी घरी एकच वाक्य आणलं : गॅसला पाणी समजा. न दिसणारं पाणी. आपला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, हवेच्या दीड ते दोन पट जड. गळला की तो जमिनीवर बसतो, उतार धरतो, मोरीत उतरतो, खड्ड्यात साचतो. वासदेखील त्याचा स्वतःचा नाही. कुजक्या कोबीसारखा जो येतो तो मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टन या रसायनाचा.

आता पाणी कुठून शिरतं आणि कुठे तुंबतं, हे चिपळूणकरांना मी सांगायचं? २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठेतून टाक्या वाहत जाताना तुम्ही पाहिल्यात. मला तेव्हा कितीतरी जणांनी विचारलं, रिकाम्या तरंगल्या ते ठीक, पण भरलेल्या कशा? हिशेब सोपा आहे. घरगुती टाकीत ३३ लिटर, म्हणजे ३३ किलो पाणी मावतं. भरलेल्या टाकीचं वजन, लोखंड धरून, साधारण ३० किलो. मग तरंगणारच. म्हणून पुराची चाहूल लागली की रेग्युलेटर काढायचा, दोरीला लटकणारं पांढरं टोपण वर दाबून बसवायचं आणि टाकी खिडकीच्या गजाला उभी बांधायची. हे आजच्या विषयात नव्हतं, पण वाशिष्ठी नदीच्या काठावर बोलायचं आणि हे सांगायचं नाही, हे काही बरं नव्हे.

तर टाक्या कशा ठेवू नयेत, ते मी पाहिलं पुतणीच्या लग्नात. कार्यालयाचं नाव सांगत नाही, आमच्या घरची अजून दोन लग्नं तिथेच ठरलीयत. अक्षता पडल्या, मी हात धुवायला मागे गेलो आणि पायऱ्या उतरून भटारखान्यात डोकावलो. भटारखाना तळघरात! त्यात एकोणीस किलोच्या अकरा टाक्या. मी मोजल्या. सवय. दोन आडव्या पाडलेल्या आणि एक परातीत, गरम पाण्यात उभी. आचारी म्हणाला, ‘थंड पडली काका, ओढत नाही.’ अहो, पडणारच. आतल्या द्रवाची वाफ होताना टाकीचीच उष्णता जाते. मोठ्या भट्टीला एकच टाकी जोडली तर तिच्या अंगावर दव धरतं. त्यावर उपाय म्हणजे दोन-तीन टाक्या एकत्र जोडणं, टाकीला अभ्यंगस्नान घालणं नव्हे.

आडवी का नको? उभ्या टाकीत वर वाफ असते, खाली द्रव. आडवी केली की द्रवच व्हॉल्व्हपर्यंत येतो. मग जे गळेल ते द्रव. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर गॅस होतो. हे मी त्याला समजावतोय आणि तो जिलबी तळतोय. म्हणाला, ‘सुटला तर वास येईल की.’ मी म्हटलं, हिंगाच्या फोडणीत? मग त्याने अभिमानाने वर बोट केलं, ‘पंखा लावलाय ना!’ पंखा छताला. मंडळी, तळघरात पाणी तुंबलं तर तुम्ही पंप छताला टांगाल का? आणि गॅस साचल्यावर त्या पंख्याचं बटण दाबलं, तर ठिणगी तिथेच पडायची.

तेवढ्यात आमची सौ. शोधत आली. ‘पाचशे पानं वाढायचीयत आणि तुम्ही टाक्या काय मोजताय?’ शेवटी तडजोड झाली. आडव्या उभ्या केल्या, परात काढली, न जोडलेल्या टाक्या चार पोरांनी उचलून मागच्या अंगणात नेल्या. मी जेवलो शेवटच्या पंगतीला. मठ्ठा संपला होता. त्याचा राग अजून आहे.

चिठ्ठी आली. सात वाजता भजनी मंडळाला सभागृह द्यायचंय. म्हणजे मूळ विषयाला पाच मिनिटं. पळतो.

साठवण. गॅस सिलिंडर नियम २०१६ चे. ते राबवणारं पेसो, म्हणजे स्फोटक वस्तूंच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं, आपल्या नागपुरातलं. विनापरवाना एका जागी जास्तीत जास्त १०० किलो गॅस. एकोणीस किलोच्या व्यावसायिक टाक्या पाच, म्हणजे ९५ किलो. सहावी आली की परवाना हवा. त्या आचाऱ्याकडे २०९ किलो होता. टाकी नेहमी उभी, तळघरात नाही, मोरी-गटाराजवळ नाही, आणि हवेला वाट जमिनीलगत.

वाहतूक. टाकी उभीच न्यायची, हलणार नाही अशी. सायकलवर आणि दुचाकीवर मनाई. पायांमध्ये टाकी धरून स्कूटर चालवणारे हसताहेत, मला दिसतंय. मीही आणलीय एकदा, नोकरीत असताना. रेल्वेत तर गुन्हाच. टँकरचं एवढंच सांगतो : ऑगस्ट २०१२ मध्ये केरळात कण्णूरजवळ चाला इथे टँकर उलटला, गॅस रस्त्यावरून घरांपर्यंत पसरला आणि मग पेटला. जयपूरला डिसेंबर २०२४ मध्ये टँकरला ट्रकची धडक बसली आणि गॅस तसाच पसरून पेटला. परशुराम घाटातूनही टँकर जातात. उलटलेला दिसला तर फोटो काढायला थांबू नका, गाडी तिथेच बंद करा आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, चढाकडे चालू लागा. घरी गळती झाली तर विजेचं बटण चालूही नको, बंदही नको. दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन.

प्रश्न एकच घेतो. हां, मागचे भाऊ. वाडी डोंगरावर, गॅसची गाडी खालच्या फाट्यालाच टाक्या उतरवते, स्कूटर नको तर आणायची कशी?

बरोबर विचारलंत. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे तुमचा चढ नव्हता. पण टाकी घरपोच देणं एजन्सीचं काम आहे, आणि ते पैसे तुमच्या बिलात धरलेले असतात. वाडीतल्या सगळ्यांच्या सह्यांनी अर्ज द्या, आठवड्याचा एक वार ठरवून मागा. तोवर चार घरांनी मिळून उघड्या हौद्याचा टेम्पो करा, टाक्या दोरीने उभ्या बांधा. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो, चहाच्या वेळी भेटा.