आधी ओळंबा, मग मोटर

नमस्कार मंडळी. बाहेरच्या बोर्डावर लिहिलंय, ‘घरच्या शेडमध्ये मोटरवाली चॉपर सायकल’. मोटर, बॅटरी, कंट्रोलर, वायरिंग, सगळं सांगतो असं मी संयोजकांना कबूल केलंय आणि सांगणारही आहे. पण त्याआधी मला पुढच्या चिमट्याबद्दल, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या त्या दोन पायांबद्दल बोलायचंय. गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय. आज एवढी माणसं आपण होऊन ऐकायला आलीत, तर ही संधी मी सोडणार नाही.

लुना किती जणांनी चालवलीये? हात वर करा. बघा, अर्धा हॉल. १९७२ मध्ये पुण्यात कायनेटिकनं लुना काढली. पन्नास सीसीचं इंजिन, आणि पायडलसुद्धा. त्यामुळे सायकलला इंजिन लावलं की लुना होते असं आपल्याकडे पुष्कळांच्या डोक्यात बसलंय. नाही होत. लुनाचा सांगाडा पहिल्या रेघेपासून इंजिनासाठी आखलेला होता. चाक लहान, पाइप जाड, ब्रेक त्या वजनाला पुरणारा. आपली काळी बावीस इंची सायकल आखली ती माणसाच्या पायातल्या ताकदीसाठी. हा फरक मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चॉपर. चॉप म्हणजे तोडणं. कोल्हापुरात जेवणाच्या वेळेला हा शब्द काढला की लोकांना मटण आठवतं, म्हणून आधीच सांगून टाकलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परत आलेल्या सैनिकांनी आपल्या जड मोटारसायकलींचे मडगार्ड तोडले, नको तो पत्रा काढून टाकला. पुढे गाडीची मानच तोडून चिमटा लांब आणि तिरका करायची टूम निघाली. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ते बघून आपल्या वीस इंची सायकलींना उंच हँडलं आणि केळ्यासारख्या लांब सीटा लावल्या. ते पाहून श्विन कंपनीनं १९६३ मध्ये स्टिंग-रे सायकल काढली. मग इंग्लंडात रॅलेनं ‘चॉपर’ याच नावाची सायकल आणली. मागचं चाक वीस इंची, पुढचं सोळा इंची, आणि गिअरचा दांडा दोन गुडघ्यांच्या मधे. पोरं वेडी झाली. पण बसणाऱ्याचं वजन इतकं मागे जायचं की पुढचं चाक उचलायचं. १९७२ च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीला सीट पुढे घ्यावी लागली. एवढा मोठा कारखाना, एवढे ड्राफ्ट्समन, तरी त्यांनाही दुसऱ्यांदा हात घालावा लागला. मग आपण शेडमध्ये ग्राइंडर घेऊन उभे राहतो, तेव्हा किती जपायला पाहिजे?

आणि इंजिन बसवण्याचं म्हणाल तर युद्ध संपताच इटलीत तुरीनला ४८ सीसीचं छोटं फोर-स्ट्रोक इंजिन निघालं, साध्या सायकलला लावायचं. नाव कुच्चोलो, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, कारण त्याच्या सायलेन्सरचा आवाज तसा यायचा. पुढे ते डुकाटीनं बनवायला घेतलं. आज ज्यांच्या मोटारसायकलींची नावं आपण आदरानं घेतो त्यांचा दुचाकींचा प्रवासही सायकलीपासूनच सुरू झाला. आपल्या शेजारी बेळगावात किर्लोस्करांची सुरुवात १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानानंच झाली, नांगर नंतर आला. हा विषय मला फार जवळचा आहे, पण त्यात शिरलो तर रात्र होईल.

तर माझी पहिली चॉपर. काळी बावीस इंची, वडिलांची, आमच्या घराखालच्या शेडमध्ये पडून होती. मी तिचा चिमटा काढला आणि दोन सरळ पाइप घेऊन मूळच्यापेक्षा फूटभर लांब नवा चिमटा केला. फ्रेम कापली-वाकवली नाही. म्हटलं, पुढून उचलली की आपोआप चॉपर होईल. दिसायला झालीही. काळा रंग, टाकीच्या जागी पत्र्याची डबी, उंच हँडल. गल्लीतली पोरं शेडच्या दारात गोळा झाली. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. तो म्हणाला, बाबा, पहिली चक्कर माझी. मी म्हटलं, नाही, आधी मी.

ते ‘आधी मी’ माझ्या तोंडून निघालं, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो.

संध्याकाळी रंकाळ्यावर नेली. सरळ रस्त्यावर झकास चालली, हात सोडले तरी हलेना. परत फिरायला म्हणून वेग कमी करून वळवली आणि हँडल माझ्या हातातून स्वतःच आत ओढलं गेलं. मी वळवत नव्हतो, तेच वळत होतं. चाक आडवं पडलं आणि मी कोपरावर आपटलो. मागून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल येत होती, त्या माणसानं वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज इथे उभा आहे.

कोपराला पट्टी बांधून सायकल उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडे नेली. सत्तरी ओलांडलेले, उभा जन्म ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. वेल्डिंग कसं झालंय, हे त्यांनी आधी पाहिलंच नाही. भिंतीवरचा गवंड्याचा ओळंबा काढला आणि एक वेताची काठी घेतली. त्यांनी जे केलं ते मी इथे या साध्या सायकलीवर करून दाखवतो. पुढच्या रांगेतल्यांनी जरा वाकून बघा.

ही पुढची नळी, जिच्यात हँडलचा दांडा फिरतो. आपण तिला हेड म्हणतो. तिच्या रेषेत ही काठी धरायची आणि थेट जमिनीपर्यंत न्यायची. टेकली तिथे खडूची खूण. आता चाकाच्या एक्सलवरून ओळंबा सोडायचा. तो स्थिर होऊ द्या. टेकला तिथे दुसरी खूण. काठीची खूण पुढे आहे, ओळंब्याची मागे. म्हणजे चाक जिथे जमिनीला टेकतं ती जागा वळण्याच्या रेषेच्या मागे राहते. ऑफिसातल्या खुर्चीची चाकं बघा, खुर्ची ढकलली की फिरून आपल्या दांड्याच्या मागे लागतात. तेच हे. या दोन खुणांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. सायकल सरळ चालते त्यात या अंतराचा मोठा वाटा आहे. या सायकलीचं मोजा. हेड जमिनीशी ६८ अंशांत, चिमट्याचे पाय खाली पुढे वाकलेले, ट्रेल सहा सेंटिमीटर.

मिस्त्रींनी माझ्या चॉपरच्या दोन खुणांवर हात ठेवला. एक वीत आणि दोन बोटं. टेपनं मोजलं तर सव्वीस सेंटिमीटर! फूटभर लांब चिमट्यानं अख्खी फ्रेम मागे कलली आणि हेड ६८ वरून ५३ अंशांवर आलं. त्यात माझे पाइप सरळ, खाली पुढे वाकवलेले नाहीत, म्हणून एक्सल वळण्याच्या रेषेतच बसला. सहाचे सव्वीस झाले. आता हँडल जरा वळवलं की गाडीचं पुढचं अंग खाली बसायला बघतं, आणि जेवढं खाली बसेल तेवढं हँडल अजून आत ओढतं. वेगात असताना हे कळत नाही. हळू चालताना, वळणावर, गर्दीत कळतं. म्हणजे नेमकं जिथे पडणं परवडत नाही तिथे.

मग त्यांनी वेल्डिंग पाहिलं. हेडच्या खालच्या बाजूला, जिथे तिरकी नळी येऊन मिळते, तिथे रंगात केसाएवढी रेघ होती. मला वाटलं ओरखडा. त्यांनी नखानं रंग उकलला. आत तांबूस दिसलं, गंज धरायला लागला होता. सांगाडा तिथे तडकला होता. लांब चिमटा म्हणजे लांब पहार. प्रत्येक खड्ड्याचा दणका ती पहार हेडवर आदळवते, आणि मूळची ती नळी पातळ, पितळेच्या झाळीवर बसवलेली. त्यावर मी दहा नंबरच्या रॉडनं वेल्डिंग मारलं होतं. पातळ पाइपला बारा नंबरचा रॉड, कमी करंट आणि थांबत थांबत मारायचं, हे मला ठाऊक होतं. घाई केली. त्या तडकलेल्या मानेवर मुलगा बसला असता, हा विचार आला आणि मी तिथल्या स्टुलावर बसलो. मिस्त्री काही बोलले नाहीत. चहा सांगितला.

दुसरी चॉपर मी आधी जमिनीवर काढली. शेडचा कोबा धुऊन घेतला आणि खडूनं पूर्ण मापाचं चित्र रेखाटलं. मागचं चाक, पुढचं चाक, सीट, हेड. ते चित्र तीन आठवडे होतं, घरातली माणसं कडेकडेनं चालायची. पुढचं चाक २६ इंची घेतलं, म्हणजे टायरसकट साधारण ३३ सेंटिमीटर त्रिज्या. हेड ६० अंशांवर ठरवलं. चॉपर दिसायला तेवढा तिरकेपणा पुरतो. त्या कोनात सरळ चिमट्याचा ट्रेल येतो एकोणीस सेंटिमीटर. मला हवा होता आठ. मग चिमट्याचे पाय वळण्याच्या रेषेच्या पुढे किती न्यायचे? गणित केलं, साडेनऊ सेंटिमीटर. म्हणून वरखाली दोन जाड पट्ट्या केल्या. मागच्या भोकात हँडलचा दांडा, पुढच्या दोन भोकांत चिमट्याचे पाय. मोटारसायकलला असतात तशाच. पाय ठरलेल्या मापापेक्षा एखादं बोट जास्त लांब ठेवायचा मोह झाला नाही असं नाही, पण चित्रावर रेघ होती, तिच्यापुढे मान तुकवली. हेडखाली त्रिकोणी पट्टी, टॅक, म्हणजे ठिपक्याएवढं कच्चं वेल्डिंग, मारून आधी ओळंबा, मग पूर्ण वेल्डिंग, मग पुन्हा ओळंबा. वेल्डिंग थंड होताना ओढतं, हे विसरू नका.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मोटर.

पहिली गोष्ट, इंजिन की बॅटरी. टू-स्ट्रोक किट मिळतात, ४८, ६६, ८० सीसीची. आवाज मलाही आवडतो. पण मोटार वाहन कायद्यातली सूट २५ सीसीपर्यंतच आहे. त्याच्यावरचं इंजिन लावलं की ती मोटार वाहन झाली, तिला मंजुरी, नोंदणी, लायसन्स सगळं आलं, आणि घरी बनवलेल्या सायकलीला ते मिळवणं जवळजवळ अशक्य. स्वतःच्या शेतात चालवा, रस्त्यावर नाही. बॅटरीचं तसं नाही. केंद्रीय नियमांनुसार मोटर अडीचशे वॅटच्या आत, मदत ताशी २५ किलोमीटरला बंद, बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या आत, नीट ब्रेक आणि चमकपट्ट्या, एवढं पाळलं आणि नियमांत नेमलेल्या तपासणी संस्थेनं ते तपासून मान्य केलं, तर ती सायकलच राहते. हजार वॅटची मोटर लावून वर अडीचशेचा स्टिकर चिकटवणारे भेटतात. कृपा करून ते करू नका.

मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवा. चॉपरमध्ये वजन मागे असतं, पुढे मोटर लावली तर चाक जागेवर फिरतं आणि लांब चिमट्यावर अजून ताण येतो. मागच्या चाकाचा एक्सल ज्या दोन खाचांत बसतो त्यांच्यामधलं अंतर १३५ मिलिमीटर ठेवा. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचं कमी असतं, ठोकून वाढवत बसू नका, मागचा भाग नवीनच करा. मोटरचा एक्सल दोन बाजूंनी चपटा असतो, ती चपटी बाजू पकडून ठेवणारी पट्टी, टॉर्क आर्म, लावलीच पाहिजे. नाहीतर एक्सल खाचेत फिरतो आणि वायर पिळून तोडतो.

बॅटरी ३६ व्होल्टची, म्हणजे दहा सेल सिरीजमध्ये, पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट. बीएमएसशिवाय, म्हणजे बॅटरी जपणाऱ्या सर्किटशिवाय घेऊ नका, आणि बॅटरीच्या प्लसला अगदी जवळ फ्यूज. एका दुकानात मला १० अँपिअर-अवरची म्हणून बॅटरी दिली. घरी आणून इंडिकेटरचे २१ वॅटचे तीन बल्ब सिरीजमध्ये लावले आणि घड्याळ लावून बसलो. खरी असती तर पावणेसहा तास चालली असती. साडेतीन तासांत बीएमएसनं बंद केली, म्हणजे जेमतेम सहाची. भांडून बदलून घेतली. ही तीन बल्बांची चाचणी दुकानदारासमोर करणार म्हणून आधीच सांगा, बरोबर बॅटरी मिळते. खऱ्या दहाच्या बॅटरीवर मला सपाटीला पंचवीस किलोमीटर मिळतात, थोडं पायडल मारून.

ब्रेकचा लिव्हर दाबला की मोटर बंद व्हायला हवी, ती वायर सोडू नका. मागे डिस्क, कारण वजन मागे आहे. पुढचा ब्रेक तरीही लावायचाच. थ्रॉटल, लाइट आणि वायरची गाठोडी यांचं सांगायचं राहिलं, ज्यांना हवं त्यांनी नंतर भेटा, मी कुठे जात नाही. आणि पहिले पन्नास किलोमीटर मोटर बंद ठेवून फक्त पायडलवर. दर दहाला थांबून हेडखालचा रंग नखानं तपासा.

गाडी बाहेर पायरीजवळ उभी आहे. मुलगा तिथे आहे, आता कॉलेजात जातो, मागची पट्टी त्यानं स्वतः वेल्ड केलीये. ओळंबा आणि काठी हँडललाच बांधून ठेवलीत. खडू त्याच्याकडे मागा, माप घ्या. आठ सेंटिमीटर यायला पाहिजे. कमीजास्त आलं तर मला आत येऊन सांगा.